सौंसर ते चंद्र आणि परत

"चपला बाहेर!"

उर्मिला एवढ्या जोरात ओरडली, की दारातला माणूस एक पाय आत आणि एक पाय बाहेर असा थबकलाच. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात जड स्टॅबिलायझर. हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं पायानंच चपला काढल्या आणि शांतपणे विचारलं, "नारळ बी आणायचा होता काय, मॅडम? देवघर आहे हे कोणी सांगितलं नाही न मले."

"देवघर नाही, कॉम्प्युटर आहे. त्याला धूळ चालत नाही."

"मंग सौंसरले कायले आणला बिचाऱ्याले?"

उर्मिलेला हसू आलं. पण मास्तरणीनं पहिल्याच भेटीत हसू नये, हा तिचा स्वतःचा नियम होता. तिनं हसू गिळलं. "तिथं ठेवा, भाऊ."

"भाऊ नोका म्हणू जी," तो म्हणाला. "शालिक म्हणा. शालिकराम. पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर रेडिओ-टीव्हीचं दुकान आहे आपलं."

"मी मेकॅनिक म्हणेन."

"चालन... पण रागानं नोका म्हणू."

ते साल होतं १९८६. एका सरकारी योजनेतून सौंसरच्या शाळेला कॉम्प्युटर मिळाला होता. सोबत एक छोटा टीव्ही, एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा डबा. उर्मिला गणिताची शिक्षिका, म्हणून तिला तीन आठवडे शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर खोलीची किल्ली तिच्याच हाती दिली. मुलांना दाखवायला बेरजा होत्या, आलेख होते. पण डब्याच्या तळाशी एक कॅसेट होती, चंद्रावर जाऊन परत यायची. वेग, वेळ आणि कोन यांचे आकडे टाकायचे. पडद्यावर पांढरा ठिपका त्याप्रमाणे उडायचा. तोच ठिपका म्हणजे यान. उर्मिलेनं ठरवलं, हे आपल्याला आलंच पाहिजे. आणि तिनं एकदा ठरवलं, की पांढुर्ण्याशेजारच्या सावरगावात तिच्या घरचेही वाद घालायच्या भानगडीत पडत नसत.

शनिवारी शाळा सकाळची असायची, दुपारी खोली रिकामी. सौंसरचं व्होल्टेज इतकं लहरी, की मेकॅनिकला दर शनिवारी यावं लागे. निदान तो तरी तसंच म्हणायचा.

कॅसेटमधला प्रोग्राम मशीनमध्ये चढायला बारा मिनिटं लागत. टेपरेकॉर्डर किरकिरत राही आणि दोघं त्याच्यासमोर बसून राहत. मध्येच लाइट गेली, की सगळं पुसलं जाई. पुन्हा बारा मिनिटं. बारा मिनिटांत कुणी प्रेमात पडत नाही, मान्य. पण एका दुपारी चार-चार वेळा लाइट गेली तर हळूहळू गप्पा रंगतात. त्याला लिंबाचं लोणचं आवडत नाही, तिला बासरी ऐकली की रडू येतं, असल्या गोष्टी एकमेकांना कळत जातात.

पहिले तीन शनिवार यान चंद्राला चुकवून काळोखात निघून गेलं. उर्मिला गणितं पुन्हा पुन्हा तपासायची. चंद्र समोर दिसतो आहे, नेम बरोब्बर त्याच्यावर आहे, तरी चूक!

"मॅडम, घरी जाताना तुम्ही बस कशी पकडता?" चौथ्या शनिवारी शालिकनं विचारलं.

"हे काय मध्येच?"

"सांगा तर. बस दूर संत्रा मंडीजवळ दिसली, तर मंडीकडे पळता?"

"मी कायले पळू? मी फाट्यावर जाऊन उभी—" ती बोलता बोलता थांबली.

चंद्रही तर चालूनच राहिला होता! तो आत्ता जिथं आहे तिथं नाही, तीन दिवसांनी जिथं येईल तिथं नेम धरायचा होता. तिनं नवे आकडे टाकले. ठिपका रिकाम्या काळोखाकडे निघाला आणि चंद्र आपणहून त्याला येऊन भेटला. आनंदाच्या भरात तिनं शालिकचं मनगट घट्ट धरलं. ध्यानात आल्यावर सोडलंही... पण घाईनं नाही. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही उगाच पडद्याकडे बघत बसले.

परतीचं मात्र काही केल्या जमेना. यान पृथ्वीच्या हवेत फार सरळ घुसलं तर जळून जाई. फार निसटतं आलं तर हवेवरून टप्पा खाऊन पुन्हा बाहेर.

"जाम नदीत चपटा दगड फेकल्यावानी," शालिक म्हणाला. "टप, टप, टप... आन् पल्याड!"

या दोन्हींच्या मध्ये, साडेसहा अंशांच्या आसपास, एक बारीक फट होती. घरची वाट तेवढीच. आणि उर्मिला दर वेळी टप्पा खाऊन बाहेर! कारण सापडायला दोन शनिवार गेले. ती इंधन वाचवत होती. घरी स्टोव्ह जरा मोठा केला की आई रॉकेलवरून टोकायची; तोच हात इथंही आखडायचा. शेवटच्या वळणावर जोर लावायचा, तिथं ती चिमूटभर इंधन टाके, आणि अर्धी भरलेली टाकी घेऊन यान कायमचं हरवे.

"कोणासाठी ठेवून राहिले हे?" शालिकनं विचारलं. "वर कोणी पाहुणे येऊन राहिले काय?"

आता मात्र ती खळखळून हसली. सगळे नियम त्या हसण्यात वाहून गेले. त्या दिवशी यान घरी आलं, आणि ती दोघंही एकाच बसनं पांढुर्ण्याला निघाली. बसमध्ये तिच्या वडिलांना, मोतीरामजींना, ओळखणारी निम्मी माणसं. म्हणून तो दोन सीट मागे बसला. थोड्या वेळानं मधल्या बायांच्या हातांतून एक सोललेलं संत्रं पुढे सरकत तिच्यापर्यंत आलं. "मेकॅनिकनं देल्लं," शेजारची बाई डोळे मिचकावत म्हणाली. उर्मिलेनं ते मान वर करून, सगळ्यांदेखत खाल्लं.

नोव्हेंबर संपता संपता हेडमास्तर नत्थूजी बातमी घेऊन आले. डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारी भोपाळचे साहेब येणार, प्रात्यक्षिक बघणार. ज्याचं काम पसंत पडेल त्याला वर्षभराच्या कोर्ससाठी भोपाळला पाठवणार. उर्मिलेला हे हवं होतं. मनापासून, अगदी झोप उडेल इतकं हवं होतं. शालिकला तिनं सगळ्यांत आधी सांगितलं. "चांगलं आहे," एवढंच तो म्हणाला आणि आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळत बसला.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

उर्मिला रुसून बसणारी नव्हे. पांढुर्ण्याला उतरली आणि थेट दुकानात जाऊन उभी राहिली. "काहून नाही आले?"

तो उघड्या रेडिओवरून मान वर न करता म्हणाला, "तुम्ही गेल्यावर त्या खोलीत मी कोणाचं तोंड पाहू? म्हटलं, आतापासूनच सवय करून घ्यावी."

तिला ते ऐकायला गोड वाटलं. तरी आवाज पक्का ठेवून तिनं विचारलं, "म्हणून मी जाऊ नको काय?"

"जाऊ नोका म्हटलं तर ऐकान?"

"नाही."

शालिकनं पहिल्यांदा वर पाहिलं. मग तो हसला. "हे बरं झालं. ऐकलं असतं तर मलेच नसतं आवडलं. बुधवारी लाइट अकरा ते तीन बंद आहे, मालूम आहे न? लग्नाच्या रोषणाईचा जनरेटर आहे आपल्याकडे. घेऊन येतो."

आपण तिला दूर पाठवायची तयारी करतो आहोत हे त्याला कळत होतं. तिलाही कळत होतं.

बुधवारी खोलीत साहेब, नत्थूजी आणि दहा शिक्षक, सगळे अनवाणी. खिडकीखाली जनरेटर धडधडत होता. तो जुना, स्वभावानं तापट. त्याच्या दांडीवर सारखा हात हवा, नाहीतर विजेचा दाब खाली-वर व्हायचा. त्यामुळे शालिक बाहेरच, खिडकीकडे पाठ करून. पडदा त्याला दिसत नव्हता.

यान चंद्राला भेटलं, वळसा घालून परत निघालं. शेवटच्या वळणावर उर्मिलेनं हात अजिबात न आखडता इंधन ओतलं. आता कोन टाकायचा... आणि पडद्यावरचं चित्र थरथरत आक्रसायला लागलं. क्षणभरात सगळं पुसलं गेलं असतं.

"शालिक!"

जी नाही, भाऊ नाही, मेकॅनिकही नाही. भरल्या खोलीत, खणखणीत आवाजात, नुसतं नाव! बाहेर जनरेटरचा सूर चढला. चित्र ताणून सरळ झालं. तिनं साडेसहा टाकले. ठिपका पृथ्वीच्या कडेला भिडला, मंदावला आणि समुद्रावर अलगद टेकला.

टाळ्या झाल्या. नत्थूजींच्या भुवया मात्र अजून वरच होत्या. साहेबांनी बॅगेतून हिंदीतला फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. "जनवरी से आ जाइए. अभी भर दीजिए."

तिनं भराभर लिहिलं. अडचणीच्या वेळी कळवण्यासाठी दोन नावं मागितली होती. पहिलं मोतीराम, संबंध: पिता. दुसरं तिनं तितक्याच सहज लिहिलं. पुढच्या रकान्यावर मात्र पेन थांबलं. ती उठली, फॉर्म घेऊन खिडकीशी गेली. जनरेटर बंद करून शालिक चिंधीला हात पुसत होता.

"जमलं न?"

"जमलं. जानेवारीत जाते."

"हं... मंग मी हे सामान—"

"थांब. इथं तुझं नाव लिहिलं मी. काही झालं तर कोणाले कळवायचं, त्या जागी. पुढं संबंध विचारून राहिले. काय लिहू?"

त्यानं फॉर्म उलटाच वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मेकॅनिक लिहा..."

"मेकॅनिकले कोणी तार करते काय?" ती हसली. "मी जाणारच आहे, शालिक. तुझं उत्तर काहीही असो, जाणार. पण परत कोणाकडे यायचं, ते मालूम असलं तर बरं वाटन."

खोलीत बारा माणसं एकदम छताकडे बघू लागली.

"माह्याकडे," शालिक म्हणाला. आधी हळू, मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माह्याकडे ये. रविवारी आईले घेऊन तुह्या घरी येतो, तुह्या बाबाले विचारतो. जीव लागला आहे तुह्यावर. वर्ष काय, दोन लागले तरी थांबीन. लिही आता काय लिहायचं ते."

तिनं खिडकीच्या चौकटीवर फॉर्म टेकवून एकच शब्द लिहिला आणि तो नत्थूजींच्या हाती दिला. त्यांनी चष्मा सावरला.

"मंगेतर?" ते म्हणाले. "मॅडम, साक्षगंध कधी झालं तुमचं?"

"आत्ताच, सर," उर्मिला म्हणाली. "त्या खिडकीत."