चौदा मिनिटांनी हुकलेला नेपच्यून

प्रदर्शनवाले साहेब, तुम्ही खोटं लिहिलं! नागपुरातल्या सदर भागातल्या विज्ञान प्रदर्शनात ‘नेपच्यून दुर्बिणीने शोधला’ असा फलक ठोकून गणिताचं सगळं श्रेय गिळलं. खापरखेड्याच्या चारुशीलाचं ते वाचून डोकंच फिरलं. एमएस्सी गणित होती ती. पेन काढलं आणि ‘दुर्बिणीने’वर सरळ काट मारली.

“ओ मॅडम! काय करून राहिल्या?”

दुर्बीण सांभाळणारा प्रीतम, सावनेरचा. आला रागवायलाच, पण तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि… तिथंच विरघळला.

“चूक सुधारून राहिली. युरेनस हिशोबातल्या वाटेपासून ढळत होता. काहून? न दिसणारं कोणीतरी ओढत होतं त्याले! आधी कागदावर त्याची जागा काढली, मग तिकडं दुर्बीण वळवली. लग्न गणितानं जुळवलं, तुमची दुर्बीण नुसती अक्षता टाकायले आली!”

तो हसला. “मग आज तुम्हीच कागदावर जागा काढा. सातले साहेब गच्चीवर येतात. नेपच्यून दिसला तर फलक बदलायले लावतो. नाही तर… काट कोणी मारली, ते सांगतो.”

“सांगा!”

तिनं पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. साताला प्रीतमनं दुर्बीण लावली. साहेबांनी डोळा लावला.

“काहीच नाही! पोरीचे आकडे अन्‌ तुझा भरवसा!” लोक खो-खो हसले. चारुशीलाचे कान तापले. तिनं आकडे पुन्हा तपासले — बरोबर होते!

“प्रीतम, वेळ कोणती धरली?”

“मनगटावरची.”

“अगा, ते घड्याळ साऱ्या भारताच्या वेळेचं, मिर्झापूरकडच्या रेषेवर चालते! नागपूरचं आकाश चौदा मिनिटं मागं आहे, अन्‌ मी आकडे इथल्या आकाशाच्या वेळेनं काढले!”

त्याला गप्प बसता आलं असतं. दुर्बीण हातची जाईल, हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “साहेब, चूक माझी आहे. या मॅडमचा आकडा बरोबर आहे.”

नळी जराशी सरकली. त्याच्या थंडगार बोटांना तिची बोटं लागली — आणि काचेत इवलासा निळसर ठिपका!

“सापडला!” दोघंही ओरडले. साहेबांनी पुन्हा पाहिलं आणि मुकाट्यानं फलक उतरवायला सांगितला.

गच्ची रिकामी झाली. प्रीतम उगाच लेन्स पुसत बसला.

“पुसून पुसून भोक पडेल तिले,” ती म्हणाली. “इकडं पाह्य.”

“हो, पण… म्हणजे मी…”

“पण-बिण नको. साहेबांसमोर जीभ अडखळली नाही तुझी, आता काय झालं? मी आवडते का गा तुले? हो का नाही — बोल!”