निरोगी माणसाचा नमुना

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आणि बारा वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या धाकट्या बहिणीला पाहताच थोरलीने आधी स्वतःच्या दंडाला करकचून चिमटा काढला! साडेसहाला तिचे डोळे मिटू लागत, आणि धाकटीसमोर पेंगायचं म्हणजे... छे, त्यापेक्षा मरण बरं!

एकतीस वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळलेल्या आईला रात्री आठचं औषध द्यायचं काम तिचंच होतं. धाकटीने शिकावं म्हणून स्वतःचं शिक्षण सोडून ती पहाटे तीनला बेकरीच्या भट्टीपाशी उभी राहायची आणि दिवेलागणीला बसल्या जागी लवंडायची. एके दिवशी औषधाच्या आधीच तिचा डोळा लागला, आणि जाग आली ती धाकटीच्या किंकाळीने. "आई गेली, आणि तू घोरत होतीस, ताई!" त्या शब्दांनी थोरलीचं अंतःकरण कायमचं करपलं. नातेवाईक तिला कुंभकर्ण म्हणत. तीही हसायची बापडी, आणि घरी येऊन दंड काळानिळा करायची.

धाकटी पुढे मोठी शास्त्रज्ञ झाली. माणसाची झोपायची नि उठायची वेळ रक्तातून कशी येते, हेच ती शोधत होती. जगाच्या झोपेची चौकशी करणाऱ्या त्या विदुषीला घरातली झोप मात्र निव्वळ आळस वाटली! बारा वर्षांपूर्वी ती आली होती तीही थोरलीचं रक्त न्यायला. आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी माणसाचा नमुना हवा होता. आपण कशाला तरी उपयोगी पडलो, या आनंदात थोरली आठवडाभर तरंगत होती.

"ताई, माझं सगळं संपलं गं," धाकटी खुर्चीत कोसळली. "संध्याकाळीच झोप येणाऱ्या माणसांच्या रक्तात मला एक दोष दिसायचा. पण तुझ्या नमुन्यातही तोच! निरोगी बाईतही आहे म्हणजे झोपेचं कारण हा नव्हेच, असं म्हणून दरवेळी खोडत गेले. शेवटी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तोच खरा ठरवला... तू निरोगी नव्हतीसच, ताई! तो आळस नव्हता. तू जन्मतःच तशी आहेस."

एकतीस वर्षं... एवढं एकच वाक्य ऐकायला थोरली तळमळली होती, आणि आता ते ठेवायला आयुष्यात जागाच उरली नव्हती!

"आईला हे कळलं असतं का गं?" तिने हळूच विचारलं.

"आणखी एक सांगायचंय," धाकटीला हुंदका आवरेना. "त्या दिवशी आठ वाजलेले मी पाहिले होते. तू झोपली होतीस. म्हटलं, तिचं काम आहे, तिचं ती बघेल... आणि मी पुस्तकात डोकं घातलं. मला क्षमा करू नकोस, ताई!"

थोरलीच्या मनात संताप उसळला, पण त्याला धरून ठेवण्याइतकीही जाग तिच्यात उरली नव्हती. सवयीने तिचा हात दंडाकडे गेला, तो धाकटीने मध्येच धरला.

"नको. झोप तू."

असं तिला आजवर कुणीही म्हटलं नव्हतं! धाकटी खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली, आणि तिच्या मांडीवर थोरलीने डोकं टेकलं. पापण्या मिटता मिटता ती घाबरून पुटपुटली, "आठ वाजता उठव हं... आईचं औषध आहे."

"उठवते," धाकटी म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत बसली.