सांगेपर्यंत श्वास सोडायचा नाही

सत्त्याण्णवच्या गळीत हंगामात आमच्या मेडिकल कॉलेजच्या एमआरआय विभागात एक प्रयोग चालू होता. झेनॉन वायूला लेसरने चुंबकीय करायचं, माणसाने तो श्वासात घ्यायचा. रक्ताबरोबर तो मेंदूत पोचतो आणि रक्त कुठवर जातं ते पडद्यावर उजळतं. अर्ध्या मिनिटात सगळं विझतं. मशीन माझ्या हाती होतं. माणसं आणायचे विभागप्रमुख राधाकृष्ण सर: पाथर्डीकडचे ऊसतोडे, न वाचलेल्या कागदावर अंगठा घेऊन. मला चीड यायची. तरी माइकवर मीच सांगायचे, "सांगेपर्यंत श्वास सोडायचा नाही."

त्यांच्यातल्याच एका कानिफनाथच्या मेंदूची डावी बाजू काळी आली. तिथे रक्तच पोचत नव्हतं.

"सर, याला ॲडमिट करा."

"मशीनचा दोष आहे. चित्र पूस, पुढचा घे."

आम्ही कडाकडा भांडलो. त्या भरात त्याला 'सोडा' म्हणायचं राहून गेलं. वॉर्डबॉयने त्याला तसाच बाहेर नेला.

तिसऱ्या दिवशी तो उसाच्या फडात मेला. त्याची बायको लंकाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या दारात उभी राहिली.

"त्या दिसापासनं त्यांनी तोंडच उघडलं न्हाई, म्याडम. जेवले न्हाईत, बोलले न्हाईत. छाती अशी फुगलेली. सरनावर बी खाली बसली न्हाई. काय झाल्तं त्यास्नी?"

संतापाने मी रिकामं मशीन लावलं. दोष असेल तर सापडेल.

पडद्यावर कानिफनाथचाच मेंदू उमटला. डावी बाजू काळी.

आत कुणी नव्हतं. वायूची बाटली बंद होती. दहा मिनिटं झाली, चित्र विझेना. साठवायला गेले तर फाइल कोरी.

सरांना बोलावलं. "लिहून द्या, दोष मशीनचा नव्हता. तिला तेवढं तरी कळू दे."

"वेड लागलंय तुला, प्रज्ञा. बंद कर ते."

पुरावा म्हणून पडद्यावरचं ते चित्रच होतं. पण कानिफनाथ अजून श्वास धरून होता, माझ्या एका शब्दासाठी.

मी माइकचं बटण दाबलं. "कानिफनाथ, सोडा श्वास."

काचेपलीकडे श्वास गोळा करायची रबरी पिशवी सावकाश फुगली. पडदा कोरा झाला.

"गेला तुझा पुरावा," सर हसले. पुढचं बोलायला त्यांनी श्वास घेतला.

तो आतच राहिला.

ओठ मिटलेले. छाती फुगलेली. डोळे बटणावरच्या माझ्या बोटाकडे.

मी बोट उचललं आणि कागद-पेन त्यांच्यापुढे सरकवलं.