छत्री, बॉयलर आणि अर्धी न्यायाधीश

मार्नी कोइविस्टो आणि रूबेन एस्पार्झा यांचं एप्रिलमध्ये लग्न झालं.

वरील वाक्य नोंदीतून वगळण्यात आलं आहे. वाचकांनी ते वाचलंच नाही असं धरून चालावं. ज्यांना एवढ्यात आनंद झाला असेल त्यांनी तो घडी घालून ठेवावा, कारण हे सगळं सुरू झालं त्या नोव्हेंबरात आनंदाचं एकही चिन्ह नव्हतं. पाऊस तेवढा होता. ऑल्डर काउंटी या किनारी जिल्ह्यात तो असतोच. समुद्रावरून येतो आणि परत जायचं विसरतो.

कोर्टाच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर मार्नीचं दालन होतं. दालनाबाहेर छत गळायचं, गळतीखाली एक बादली असायची. त्या सकाळी बादली नव्हती. तिच्या जागी खुर्ची होती, खुर्चीत एक माणूस होता आणि त्याच्या डोक्यावर उघडी छत्री होती. छत्रीवर थेंब पडत होता — टप... टप...

मार्नी थबकली. ऑल्डर काउंटीत छत्री कोणी वापरत नाही. लोक डोक्यावर टोपी ओढतात आणि मुकाट्याने भिजतात. छत्री उघडणाऱ्याकडे सगळे अशा नजरेने बघतात की त्याला स्वतःच ती मिटावीशी वाटते. आणि हा तर इमारतीच्या आत...

"घटस्फोट का?" तिने हळूच विचारलं. तिच्या दाराशी माणसं बहुधा त्यासाठीच बसत.

"नाही. अर्थसंकल्प."

"त्यातून इथे सुटका मिळत नाही."

"कल्पना आहे. बरीच वर्षं संसार चाललाय आमचा." तो हसला. गालावर एकाच बाजूला खळी पडली, दुसऱ्या बाजूला निधी मंजूर झाला नसावा. "बादली भरली होती. डोरीनबाई रिकामी करायला घेऊन गेल्यात. तोवर तिच्या जागी मी."

"तुम्ही इथले नाही."

"याकिमाचा. डोंगराच्या कोरड्या बाजूचा. छत्रीवरून ओळखलंत?"

"काउंटीने ओळखलं असेल एव्हाना."

"मी रूबेन एस्पार्झा, बजेट कचेरीतून आलोय. कोर्ट कमिशनरचं पद काढून त्या जागी न्यायाधीश आणला, तर खर्च वाढतो की घटतो, एवढं बघायचंय. इथले कमिशनर कुठे भेटतील? म्हातारेसे गृहस्थ असतील ना?"

"मीच तो म्हातारा," मार्नी म्हणाली.

छत्री कलली. थेंब थेट त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर पडला.

मार्नीची आई सगळ्यांना सांगायची, "माझी मुलगी अर्धी न्यायाधीश आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. काळा झगा तोच, समोरची रडारड तीच. फरक एवढाच, की कमिशनरचा कुठलाही निर्णय दहा दिवसांत न्यायाधीशाकडे फेरतपासणीला नेता येतो. इतर कमिशनरांना यात अपमान वाटे. मार्नीला झोप लागे. नाताळात मूल कोणाकडे राहणार हे ठरवताना तिला दरवेळी धास्ती वाटायची, आणि आपलं चुकलं तर वर कोणीतरी आहे, या एका विचाराने ती ओसरायची. आता तो विचारच मोडीत निघणार होता. नोकरीसकट.

रूबेन रोज येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. कुठल्या खटल्याला किती वेळ, हे बघणं त्याचं काम. मार्नी निकाल देताना पेनाचं टोपण चावायची आणि तो टिपून घेत असेल, या काळजीने आणखी चावायची.

कोर्टासमोरच्या खोक्याएवढ्या दुकानात कॉफी मिळायची. एकदा ती तिथे भिजत उभी असताना तिच्या डोक्यावरचा पाऊस अचानक थांबला.

"मिटा ती," ती वर न बघता म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. मला बातमी द्यायचीय. न्यायाधीश आला की बेलिफ लागतो, लघुलेखक लागतो. ते ठीक. पण त्याचं आसनही उंच लागतं."

"माझं बुटकं आहे?"

"वीतभर. आसन उंच केलं की चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. उताराला जागा नाही, म्हणजे भिंत पाडायची. आणि भिंतीमागे बॉयलर आहे."

"वरच्या मजल्यावर बॉयलर?"

"तो तिथे का आहे, हे सांगू शकणारा माणूस निवृत्त होऊन वारला."

"म्हणजे मला काढायचं तर..."

"आधी बॉयलर काढावा लागेल. फार महाग आहे तो."

मार्नीने आजवर कुठल्याही बॉयलरवर प्रेम केलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती भिंतीमागे गेली आणि त्याच्या पोटावर तळवा टेकून उभी राहिली. ऊब होती. मागे पाऊल वाजलं. रूबेनही आला होता. दोघांचे हात एकाच गरम पत्र्यावर... अगदी जवळ. कोणी काढून घेतला नाही.

"शुक्रवारी धक्क्यावर शिंपल्यांचं दाट सूप, चाउडर, खायला याल?" त्याने विचारलं.

"नामंजूर." ती एवढ्या घाईने म्हणाली की दोघेही दचकले. "तुम्ही माझा हिशेब मांडताय, रूबेन. बरं दिसत नाही ते."

"मग मी फेरतपासणी मागतो."

"ती न्यायाधीशाकडे मागतात."

दारातून डोरीनचा आवाज आला. ती तिथली लिपिक होती. तीन कमिशनर तिच्या हाताखाली येऊन गेले होते. "निर्णय फिरवला," ती म्हणाली. "जा बाई, जेवून ये. हा पोरगा तुझ्याकडे बघताना घड्याळ बघायचं विसरतो. काउंटीचं नुकसान होतंय."

शुक्रवारी चाउडर आलं तेव्हा मार्नीच्या लक्षात आलं की रूबेन खात नाहीये. नुसता चमचा फिरवतोय.

"काय झालं?"

"बॉयलर..." तो थांबला. "तो तसाही म्हातारा झालाय. पुढच्या वर्षी बदलायचाच होता. मग तो या खात्यात धरता येत नाही. आणि न्यायाधीशाचा निम्मा पगार राज्य देतं, तुमचा सगळा काउंटी देते."

"म्हणजे..."

"न्यायाधीश स्वस्त पडतो. थोडासाच. पण पडतो."

बाहेर धक्क्यावर पाऊस सरळ रेषेत कोसळत होता. मार्नीने रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तो बॉयलर... जर..."

"विचारू नका," रूबेन घाईने म्हणाला. "विचारलंत तर मी नाही म्हणेन, आणि तुम्हाला नाही म्हणायची मला सवय नाही."

तिने विचारलं नाही. बिल मात्र तिनेच हट्टाने भरलं.

अहवालावरच्या सुनावणीच्या दिवशी काउंटी मंडळाच्या सभागृहात ओल्या कोटांचा वास भरून राहिला होता. मार्नी अगदी मागे बसली, डोरीनच्या आडोशाला. अहवाल मांडण्याआधी अध्यक्षबाई प्रत्येकाला एक प्रश्न विचारत, ज्याचं उत्तर प्रत्येकजण 'नाही' असं देई आणि बाई उत्तराची वाट न बघता पान उलटत.

"या विषयात तुमचा काही हितसंबंध?"

"आहे," रूबेन म्हणाला.

पान अर्ध्यात राहिलं. "आर्थिक?"

"नाही. चाउडरचे पैसे त्यांनीच दिले."

"कोणी?"

"ज्यांचं पद रद्द करावं असं मी लिहिलंय..." ध्वनिक्षेपक किंचाळला. तो शांत होईपर्यंत रूबेन सभ्यपणे थांबला. "त्यांच्यावर माझं प्रेम आहे."

"त्यांना हे माहीत आहे?"

"आत्ता कळलं असावं. हिरवा कोट. मागे."

सगळं सभागृह वळलं. डोरीनही वळली, वास्तविक ती शेजारीच होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "एस्पार्झा, हा अहवाल मग कसा ग्राह्य धरायचा? आम्ही तो बाजूला ठेवू. पुढच्या वर्षी दुसरा माणूस नेमू. तुमच्याबद्दल तुमचे साहेब बघतील."

मार्नीच्या कानात गुणगुण सुरू झाली. पुढच्या वर्षी... म्हणजे पद वाचलं. नुसतं बसून राहायचं होतं. रूबेनची नोकरी जाईल, आणि तो डोंगरापलीकडे निघून जाईल, जिथे छत्रीला कोणी हसत नाही. हा निर्णय चुकला तर फिरवायला वर कोणी नव्हतं.

ती उठली. ध्वनिक्षेपकापर्यंतची वाट फार लांब होती आणि तिचे बूट प्रत्येक पावलाला पचपच वाजत होते.

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "सारे कागद कोर्टात आलेत, मी स्वतः तपासलेत. बॉयलर मला आवडतो... तरीही."

"तुमचंच पद जाईल, कळतंय ना?"

"हो."

"आणखी काही?"

"तो हितसंबंध..." तिने रूबेनकडे बघितलं. त्याची खळी जागेवर नव्हती. चेहरा पार कोरडा पडला होता. "एकतर्फी नाही. तेही लिहून घ्या."

"विचार करायला वेळ हवा का तुम्हाला?"

"नको," मार्नी म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. "ह्याची फेरतपासणी नको."

अहवाल मंजूर झाला. रूबेनला ताकीद मिळाली, मार्नीच्या पदाला जूनपर्यंतची मुदत.

बाहेर पायऱ्यांवर छत्री उघडली गेली.

"भिजतेयस तू," रूबेन म्हणाला. 'तू' म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली.

"न्यायाधीशाच्या नव्या जागेला निवडणूक आहे. मी उभी राहतेय. छत्रीखाली दिसले तर एक मत पडायचं नाही."

"मग?"

तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट बघितलं. मग डोकं वाकवून आत आली आणि त्याचा हात घट्ट धरला. समोरून जाणाऱ्या मोटारीने भोंगा वाजवला.

"गेलं एक मत," ती म्हणाली.

सबब, ही नोंद ठेवणाऱ्याची ऑल्डर काउंटीच्या माननीय मंडळास नम्र विनंती की, जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील गळतीचा थेंब विनावेतन, विनारजा आजवर सेवेत आहे. त्यास छपराच्या दुरुस्तीत कमी न करता कायम पदावर घ्यावे, त्याच्या कामाची फेरतपासणी कोणाकडेही नसावी, आणि त्याच्याखाली दोन खुर्च्या व एक छत्री यांची तरतूद व्हावी.