चष्म्यावरची चकाकी

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत भाऊजी पालथे पडून सर्व्हरच्या मागे हात घालत होते. ते फोटोग्राफरच्या बहिणीचे यजमान. धंदा संगणक दुरुस्तीचा. बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन चालू होतं आणि यांच्या येरझाऱ्यांना कंटाळून नर्सबाईंनीच यांना पिटाळलं होतं. हातांना काम हवं, म्हणून ते इथे आले.

काम होतंही. त्या सर्व्हरमध्ये साऱ्या वस्तीचे चेहरे साठवलेले. कोणी काही मागितलं नाही की त्यातल्या जुन्या हार्ड डिस्क फिरायच्या थांबत, झोपत. म्हाताऱ्यांना झोप हवीच. पण एक डिस्क कोणी न बोलावता उठून गरगरू लागे. एखाद्या उठण्यातच ती कायमची गेली असती, आणि तिची दुसरी प्रत नव्हती. फोटोग्राफरच्या थोरल्या भावाला, दादाला, प्रत काढणं म्हणजे यंत्रावर अविश्वास वाटे. यंत्र टिकलं, दादा गेला.

"हिला उठवणारी रोजची आपोआप तपासणी बंद केली," भाऊजी म्हणाले. "आता नेटवर्कची केबलही काढतो. यापुढे हिला उठवायचं तर साक्षात दादांनाच यावं लागेल."

फोटोग्राफर हसला नाही.

"दादांवरून आठवलं. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या चष्म्यावर फ्लॅशची चकाकी आहे, डोळेच दिसत नाहीत. पुसून देतो म्हणाले होते. पुसली का?"

"त्याची बरीच कामं राहूनच गेली, भाऊजी."

एक काम मात्र दादाने कधी मागे ठेवलं नाही. वस्तीत कोणी गेल्याचं कळलं, की घरचे पायरी चढायच्या आत तो त्या माणसाचा फोटो शोधून ठेवी. बाकीची माणसं काढून एकटा चेहरा, मागे फिकट निळा रंग. दुःखातल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, म्हणे. हल्ली ती डिस्क सकाळी गरगरली, की संध्याकाळपर्यंत कोणीतरी तसला फोटो मागायला येई. फोटोग्राफर हे कोणाला बोलला नव्हता. असली कीर्ती झाल्यावर पासपोर्टच्या फोटोला तरी कोण येणार?

काढलेली केबल भाऊजींच्या हातात होती आणि तरी डिस्क गरगरू लागली.

"आता कोण मागतंय हिच्याकडे?" ते पुटपुटले. स्क्रीनवर 'घरचे' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात बहिणीच्या लग्नाचा फोटो.

"भाऊजी... दवाखान्यात फोन करा."

"ते करतीलच की."

"करा हो तुम्ही."

त्यांनी केला. ऐकता ऐकता चेहरा खुलला. "शुद्धीवर आलीये. मी कुठे उलथलो म्हणून विचारतेय. म्हणजे ठणठणीत आहे." केबल टेबलावर टाकून ते निघालेच. "डिस्कचं उद्या बघू."

बाहेर स्कूटर सुरू झाली, कोपऱ्यावर वळली. फोटोग्राफर स्वतःलाच हसला. तेवढ्यात डिस्क हळूहळू शांत झाली, दादा काम संपवून उठला की व्हायची तशी.

फोटो बंद करायला त्याने हात पुढे केला. लग्नाची माणसं नव्हती. फिकट निळा रंग होता, आणि एकच चेहरा. बहिणीचा नव्हे.

तो पायरीपर्यंत धावला. रस्ता रिकामा होता. भाऊजींना फोन लावला, रिंग वाजत राहिली.

आत स्क्रीनवरून भाऊजी त्याच्याकडे बघत होते. चष्म्यावरची चकाकी कोणीतरी स्वच्छ पुसली होती.