वाटून घेतलेली भीती

चंद्रावरच्या वसाहतीतून परत पाठवलेल्या हेमलता बोरकुटेला प्रयोगशाळेत आणलं, तेव्हा तिच्या फाईलवर एकच शेरा होता : ‘अकारण भीती’. तीन वर्षं पाच जण त्या बंद घुमटाखाली राहिले होते. हेमलता दर दोन तासांनी झडपा तपासायची, झोपलेल्यांना उठवून हवेचा दाब वाचायला लावायची. शेवटी वसाहतप्रमुख उदयन केळुसकरनं कळवलं, “ताईंना घरी न्या. आमचं डोकं उठलंय.”

मेंदूतज्ज्ञ डॉ. शर्वरी खांडेपारकर यांनी तिचं मेंदूचित्रण केलं. वर राहिलेल्या चौघांची महिन्याभरापूर्वीची चित्रणं शेजारी लावली आणि मोहिमेचे संचालक राऊळ यांना बोलावून घेतलं.

“हिचं भयकेंद्र बघा. केवढं वाढलंय.”

“ते ठाऊकच होतं,” राऊळ म्हणाले.

“आता या चौघांचं बघा.”

चारही पडद्यांवर त्या जागी सुकल्यासारखा अंधुक ठिपका होता.

“घरात एकाला सगळ्यांचे वाढदिवस पाठ असले, की बाकीचे ते लक्षात ठेवत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदू एकटा घडत नाही, राऊळसाहेब. भोवतीची माणसं त्याला घडवतात. वर पाचच माणसं, बाहेरचं कुणी नाही. या चौघांनी घाबरायचं काम नकळत हिच्यावर सोपवलं. आणि जे वापरात नाही, ते मेंदू छाटून टाकतो.”

“म्हणजे हिला आजार नाही?”

“ही पाच जणांची भीती एकटी वाहत होती.”

खुर्चीत बसलेली हेमलता उठली. “मला त्यांच्याशी बोलू द्या. आत्ता.”

संपर्क जुळला. पडद्यावर केळुसकर दिसला; मागे टेबलाशी तिघं जेवत होते.

“उदयन, सगळं ठीक आहे ना?”

अडीच सेकंदांनी उत्तर आलं. “एकदम. परवा दाबाचा भोंगा वाजायला लागला, ताई. लगेच काढून ठेवला. त्याचा संवेदकही काढला.”

म्हणूनच पृथ्वीवर काही कळलं नव्हतं. हेमलतानं विचारलं, “आणि दाब?”

“उतरतोय थोडा थोडा. उत्तरेकडची झडप गळतेय.” मागे कुणीतरी हसलं. हसणारीचे ओठ निळे पडले होते.

राऊळ पुढे झाले. “केळुसकर, झडप आधी बंद करा. हा हुकूम आहे.”

अडीच सेकंद गेले.

“करतो की, सर,” केळुसकर शांतपणे म्हणाला. “जेवण उरकलं की.”