१९८७ ची ओळ

आमच्या शाळेच्या सभागृहात, पूर्वेकडच्या भिंतीवर, दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचा फलक आहे. काळा ऑइलपेंट दिलेली सागवानी फळी, डाव्या कडेला रंगवलेली सालं आणि प्रत्येक सालासमोर चिकटवलेली पांढरी प्लॅस्टिकची अक्षरं. १९७५ पासून तेवीस नावं. त्यात १९८१ समोर माझं, मरिया बेंजामिन पाटोळे, आणि १९८७ समोर माझ्या धाकट्या बहिणीचं, एस्तेरचं.

१९९८ च्या मे महिन्यात ही अक्षरं गळायला लागली. कुणाचा काना पडला, कुणाची वेलांटी. जूनमध्ये संस्थेचे लोक येणार होते, म्हणून मुख्याध्यापकांनी सगळी नावं काढून रेडियमची नवी बसवायचं ठरवलं. रेडियम म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेटवर असतं ते चिकट प्लॅस्टिक. खऱ्या रेडियमशी त्याचा संबंध नाही, हे मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगते. मी राहात्यातच, आईजवळ राहते आणि शास्त्र शिकवते. जुना डिंक कशाने निघतो हे मला ठाऊक असणार, असं सरांनी धरलं.

एस्तेर नगरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. एक शनिवार सोडून एक, साडेचारच्या एसटीने घरी यायची. डाव्या भुवईवर लहानपणी हापशाचा दांडा लागल्याची खूण होती. आल्याबरोबर आईच्या डबीतल्या भाजलेल्या बाळंतशोपा चिमूटभर तोंडात टाकायची आणि म्हणायची, "ताई, माझं नाक अजून सरळ आहे." त्याला कारण मी. एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी दोन बाटल्या हुंगायला दिल्या होत्या. एकीला बाळंतशोपांचा वास, दुसरीला पुदिन्याचा. दोन्हींत रेणू तोच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. सर म्हणाले होते की साखरेचाही असा उलटा रेणू असतो. तोंडाला गोडच लागतो, पण अंगी लागत नाही. मी हे घरी येऊन सांगितलं, आणि माणूसच आरशातला असेल तर त्याला बाळंतशोपांत पुदिना लागेल असंही म्हटलं, तेव्हा एस्तेर शाळेत होती. तेव्हापासून तिचा हा विनोद चालू होता.

कामाची माझी पद्धत ठरलेली होती. एक ओळ वहीत उतरवायची, टेपने लांबी मोजायची, मग टर्पेंटाइन लावून बोथट सुरीने अक्षरं उचलायची आणि बादलीत टाकायची. शिपाई रखमाजी स्टूल धरून उभे असायचे. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी १९८७ आलं. मी वही उघडली आणि परत मिटली.

रखमाजी हसले. "ते काय लिवायचं, बाई? घरचंच नाव हाय. कोन इसरनार?"

मीही हसले, आणि पहिल्या अक्षराखाली सुरी घातली.

चार वाजता पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन फळीवर आलं, आणि नावं परत दिसली. उघडा रंग उन्हाने विटून राखी झाला होता. अक्षरांखालचा झाकलेला रंग मूळचा काळा राहिला होता. १९७५ ची सावली गडद, पुढची क्रमाने फिकी, १९९७ ची जेमतेम. अगदी अपेक्षेप्रमाणे.

१९८७ समोर काही नव्हतं.

मी स्टुलावर चढून बोट फिरवलं. डिंकाचा खरखरीतपणाही नव्हता. त्या जागेवर अकरा वर्षं सलग ऊन पडलेलं होतं.

मी रखमाजींना विचारलं, तर त्यांनी डोळे बारीक करून फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हितं कुनाचं नाव हुतं का?"

मघाशी तुम्हीच म्हणालात ना, घरचं नाव आहे म्हणून, असं मी म्हटलं. त्यांनी स्टूल उचललं. "म्या कशाला आसं म्हनू, बाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

ऑफिसात १९८७ चं निकालाचं रजिस्टर काढलं. हजेरी क्रमांक चौदानंतर सोळा होता. मध्ये खाडाखोड नव्हती, पान फाटलेलं नव्हतं. वर्गात बेचाळीस मुलं होती हे मला पक्कं आठवत होतं. खाली बेरीज एक्केचाळीस होती आणि ती जुळत होती.

संध्याकाळी मी आईला विचारलं, परवा एस्तेर येणार तर तिच्यासाठी काय करायचं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कोण? शाळेतली आहे का कुणी?"

आई सहासष्ट वर्षांची आहे. वयाने विसरणं शक्य आहे, अशी मी मनात नोंद केली. मग फळीवरचे पेले उतरवले. पहिल्या येणाऱ्याला शाळा नाव घातलेला स्टीलचा पेला देते. आमच्या घरात असे दोन होते. माझ्या पेल्यावर माझं नाव होतं. दुसरा कोरा होता. मी तो उजेडात धरून फिरवला. कुठेही ओरखडा नव्हता.

एसटीडी बूथवरून हॉस्पिटलात फोन लावला. नर्सच्या यादीत असं नाव नाही, असं सांगितलं गेलं.

शुक्रवारी सकाळी मी रेडियमची नावं कापून घ्यायला नगरची एसटी पकडली. वाटेत मनातल्या मनात तिचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख म्हणत होते. कोल्हारच्या पुलापर्यंत तारीख येत होती. राहुरीला नुसता महिना उरला. नगरच्या माळीवाडा स्टँडवर उतरले तेव्हा माझ्याकडे फक्त नाव होतं, आणि ते मी हातावर बॉलपेनने लिहिलं होतं.

स्टँडजवळच्या रेडियमवाल्या मच्छिंद्रने नुकतंच कॉम्प्युटरवर चालणारं रेडियम कापायचं मशीन घेतलं होतं. वहीतली बावीस नावं त्याने तासाभरात कापली. तेविसावं माझ्या बहिणीचं, असं सांगून मी हात पुढे केला. पडद्यावर ते नीट दिसलं. मशीनचं पातं रोलवरून गेलं, वळणं घेतली, थांबलं. मच्छिंद्रने भोवतालचं जास्तीचं रेडियम सोलायला घेतलं, तर सगळा तुकडा अखंड निघून आला. त्यावर कापल्याची रेघही नव्हती.

असं तीनदा झालं.

"मॅडम, तुमच्या भैनीला आमचं मशीन काय पसंत न्हाई," तो म्हणाला. मी हसले नाही, तेव्हा त्याने मशीन बंद केलं आणि ब्लेड घेतलं. रेडियम पालथं घातलं. मागच्या कागदावर पेन्सिलीने तिचं नाव उजवीकडून डावीकडे लिहिलं, प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं, आणि सावकाश कापत गेला.

"आधी आमी समदं असंच कापायचो," तो म्हणाला. "उलटं लिवायचं, सुलटं निघतंय."

या वेळी अक्षरं निघाली.

शनिवारी सकाळी मी सर्वांत आधी तीच ओळ चिकटवली. फडक्याने दाबून घेतली. एकही बुडबुडा राहिला नाही. रखमाजी मागे येऊन उभे राहिले होते.

"एस्तेरबाई," त्यांनी वाचलं. "लई हुशार पोरगी. आज येनार आसंल न्हवं?"

मी हो म्हटलं आणि १९७५ ची ओळ हातात घेतली.

दुपारी घरी गेले तर आई भाकरी थापत होती. लेक येतेय, दोन जास्त टाकते म्हणाली. दुसऱ्या पेल्यावर नाव होतं.

साडेचारची एसटी वेळेवर आली. एस्तेर उतरली. तीच निळी पिशवी, तोच आवाज. "ताई, किती वाळलीस गं," म्हणाली आणि माझा हात धरला.

तिच्या उजव्या भुवईवर खूण होती.

समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं चुकतं. म्हणून मी तिच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून चालू लागले, आणि पुन्हा पाहिलं.

उजव्याच.

जेवताना तिने डाव्या हाताने घास घेतला. आईने तिला आणखी एक भाकरी वाढली. जेवण झाल्यावर एस्तेरने डबीतून चिमूटभर बाळंतशोपा तोंडात टाकल्या. मी तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. ती थोडा वेळ चावत राहिली, मग आईकडे वळली.

"आई, यात पुदिना घातलास का?"

ती थट्टा करत नव्हती.

"कुठला पुदिना," आई म्हणाली.

फलक पूर्ण झाला, संस्थेचे लोक येऊन गेले, सरांनी माझं कौतुक केलं. बाकीची बावीस नावं मी पाहतही नाही. १९८७ च्या ओळीचा कोपरा नखाने उचलावा असं कधी कधी वाटतं. मग हात मागे घेते. त्यानंतर साडेचारच्या एसटीतून कोणी उतरेल की नाही, हे मला माहीत नाही.

आता ऑगस्ट आहे. एस्तेर एक शनिवार सोडून एक येते. तिच्या मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत वर सरकते. काल तिने चार भाकऱ्या खाल्ल्या, वर गुळाचा खडा मागून घेतला. ती हात धुवायला गेली तेव्हा आई तिच्या पाठीकडे बघत हळूच मला म्हणाली,

"एवढं खाते पोर. पण अंगी लागत नाही गं तिच्या."